स्प्रिंगचा राग

जमिनीशी जवळीक राखून राहावं, ही आमच्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची शिकवण. माझ्या थोरल्या भावाने ही जवळीक एकदा माझ्या शिवणकामाच्या टेपने मोजली, तेव्हा ती पावणेसात इंच भरली. त्याला ती साडेचार हवी होती. ही गोष्ट त्या सव्वादोन इंचांची आहे. तिच्या शेवटी आमचे बाबा जिवंत नसतील, हेही आताच सांगून टाकते. वाचकाला धक्का देण्याचं वय माझं राहिलेलं नाही.

आदिलाबादच्या बाजारात बाबांचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. वेसणी, कासरे, झुली, शिंगांना लावायचे गोंडे आणि पितळी टोपणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे घुंगरं. दुकानाच्या तुळईला घुंगरमाळा टांगलेल्या असत. रस्त्यावरून लॉरी गेली की त्या सगळ्या एकदम हलत आणि बाबा बोलता बोलता थांबत. आवाज विरला की पुढचा शब्द. गिऱ्हाईक माळ निवडायचं, पण बाबा ती तशीच बांधून देत नसत. एकेक घुंगरू कानाशी धरून नखाने वाजवत. ज्याचा आवाज बद्द येई ते काढून खालच्या टोपलीत टाकत. वरून कितीही चकचकीत असलं तरी आतून चिरलेलं घुंगरू त्यांच्या कानाला फसवू शकत नसे. भीमपूरकडचे शेतकरी पैनगंगेच्या काठावरून एवढ्या लांब आमच्याच दुकानात यायचे ते या कानासाठी. घरी मात्र या कानाचं कौतुक नव्हतं. माय म्हणायची, वरणाला फोडणी बसल्याचं यांना ऐकू येत नाही, आणि पितळेची चीर ऐकू येते.

सुधाकरदादाला साज विकायची लाज वाटे. बैलांचा जमाना गेला, असं तो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा अंबाडीच्या भाजीत बुडवत रोज एकदा तरी सांगे. अशातच बेल्लमपल्लीच्या खाणीतल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्याची चार दारांची मोटार दादाने घेतली. गाडीच्या मागच्या झाकणावर तिरप्या अक्षरांत 'स्पोर्ट' असं लिहिलेलं होतं. अक्षरं कंपनीने लावली होती की त्या अधिकाऱ्याने, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सीटवर थाप मारली की कोळशाची बारीक भुकटी उडे. माय पहिल्यांदा बसली तेव्हा तिच्या पिवळ्या लुगड्यावर मागून दोन काळे गोल उमटले. दादा म्हणाला, ही साधी गाडी नव्हे, स्पोर्ट सेडान आहे. बाबांनी 'शैतान' ऐकलं आणि पुढेही तेच म्हणत राहिले. कानाचा दोष होता की विनोद होता, त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नसे.

निर्मळकडच्या एका मुलीशी दादाची सोयरीक जुळत आली होती. मुलीच्या काकाकडेही मोटार होती, आणि त्या मोटारीसमोर आपली गाडी शोभली पाहिजे, हे दादाच्या डोक्यात घट्ट बसलं. साखरपुड्याला अजून दोन महिने होते. तेवढ्या वेळात गाडीची चाकं बदलायची आणि गाडी खाली बसवायची, असं ठरलं. ठरवणारा तो एकटाच होता, पण वाचणारी मी होते. मी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि शाळेत इंग्रजीत पहिली आले म्हणून बक्षीस मिळालेला इंग्रजी-मराठी शब्दकोश माझ्या उशाशी असे. दादाने हैदराबादहून मोटारींची जुनी मासिकं मागवली. त्यातला प्रत्येक मजकूर मी जेवताना मोठ्याने वाचायचा आणि लगेच मराठीत सांगायचा, असा परिपाठ पडला. मला तो आवडत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरात मुलीने बोलायचं आणि बाप-भावांनी ऐकायचं, असा प्रसंग एरवी येत नसे.

चाकं निवडायला तीन आठवडे लागले. मिश्रधातूची, एकाच साच्यातून ओतलेली चाकं. कुणाला पाच आरे, कुणाला आठ, कुणाला जाळी. दादाने पाच आऱ्यांचं चित्र कापून देवघराशेजारी चिकटवलं होतं. बाबांनी चष्मा चढवून ते बराच वेळ पाहिलं.

"काऊन रे सुधा, पाचच आरे? आपल्या गाड्याच्या चाकाले बारा असतात. हे चाक हाये का फूल?"

"बाबा, हे जोडलेलं नसतं. एकसंध ओतलेलं असतं."

"म्हंजे घुंगरासारखं."

"तसंच समजा."

"मंग वाजवून घेजो," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आम्ही दोघं बसने हैदराबादला गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला तो बोल्टांमधल्या अंतराचा. ते मी आधीच टेपने मोजून वहीत लिहून नेलं होतं, त्यामुळे दादाची मान ताठ राहिली. चाक किती बाहेर यावं, टायर किती बुटका हवा, यावर दुकानदार हिंदीत आणि मी पुस्तकी इंग्रजीत बराच वेळ बोललो. एकाला दुसऱ्याचं किती समजलं कोण जाणे, पण दोघांनीही मान डोलावली. निघताना मी दादाच्या नकळत चारही चाकं नखाने वाजवून पाहिली. आवाज स्वच्छ होता. गाडी खाली बसवायच्या आखूड स्प्रिंगा मात्र त्याच्याकडे नव्हत्या. मागवाव्या लागतील, तीन महिने तरी लागतील. त्याऐवजी त्याने एक इंग्रजी पुस्तिका फुकट दिली. गाडी खाली कशी बसवावी याची सगळी माहिती तिच्यात आहे, म्हणाला. ते खरं होतं. तिच्यात सगळी माहिती होती.

नवी चाकं बसली आणि एक नवीच अडचण दिसू लागली. बुटक्या टायरमुळे चाकाच्या वर, पत्र्याच्या कमानीखाली, मोठी पोकळी राहिली. नाला ओलांडायला धोतर गुडघ्याच्या वर खोचून उभ्या राहिलेल्या माणसासारखी गाडी दिसत होती. शेजारचे बघून जात आणि काही बोलत नसत, ते दादाला जास्त लागे. मागच्या बाजूला स्प्रिंगांऐवजी एकावर एक बांधलेले पोलादी पाटे होते. लॉरीच्या गॅरेजमध्ये जाऊन त्यातला एकेक पाटा काढला की काम झालं. पुढच्या दोन वेटोळ्याच्या स्प्रिंगांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. आणि दादाला पोशय्या आठवला.

पोशय्या बाजाराच्या टोकाला बसणारा लोहार. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी आमच्यासारखी मराठी. त्याच्या विळ्यांचं पाणी चांगलं, असं सगळे म्हणत. पाणी म्हणजे पोलाद तापवून विझवताना त्याच्या अंगात जी ताकद येते ती. पण त्याचं खरं काम बैलगाडीच्या चाकांना धाव बसवण्याचं. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या गोल जाळात लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर घालायची, घणाने बसवायची आणि वर बादलीने पाणी ओतायचं. धाव आक्रसते आणि चाक आवळून धरते. मला आणि बाबांना सोबत घेऊन दादा त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, गाडी बसवायची आहे. पोशय्याला बसवणं एकाच प्रकारचं माहीत होतं.

तरी तो लगेच तयार झाला नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. त्याने स्प्रिंग हातात घेतली, फिरवली, वास घेतला. हे बैलगाडीचं लोखंड नव्हे, म्हणाला. तापवलं तर काय होईल सांगता येत नाही. मग त्याला आमच्या हातातली पुस्तिका दिसली.

"पुस्तक काय म्हनते, अम्मा?"

मी ते पान आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. वाक्य लहान होतं. लक्षात ठेवा, उष्णतेने स्प्रिंगचा टेम्पर नष्ट होतो. टेम्पर हा शब्द मला अर्धवट माहीत होता, म्हणून शब्दकोश पाहिला होता. स्वभाव, मनःस्थिती, राग. स्प्रिंगला स्वभाव असणं मला पटलं नाही. मनःस्थिती तर नाहीच. पण राग पटला. दाबलं की उसळते, म्हणजे तिला राग आहे. तापवलं की तो जातो. मला वाक्य नुसतं समजलं नाही, आवडलं.

मी वाचून दाखवलं, "लक्षात ठेवा, तापवल्याने स्प्रिंगचा राग नाहीसा होतो."

पोशय्या हसला. "राग गेला तं बरंच हाये. मंग माया सासऱ्याले बी घालतो जाळात."

सगळे हसले. मीही हसले. आता या वयात पुष्कळ गोष्टी विसरायला होतात, पण ते हसणं कोणत्या क्रमाने सुरू झालं हे मला आठवतं. आधी पोशय्या, मग दादा, मग मी. बाबा हसले नाहीत. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. ते जाळाचा आवाज ऐकत होते.

दोन्ही स्प्रिंगा पळसाच्या फुलासारख्या लाल झाल्या. पोशय्याने त्या ऐरणीवर उभ्या धरून वरून घणाने दाबल्या. वेटोळी एकमेकांच्या जवळ आली. मग धावेवर ओततो तसं बादलीभर पाणी. वाफेत क्षणभर कुणी कुणाला दिसलं नाही. दादाने टेप लावला आणि त्याचा चेहरा उजळला. बाबा पुढे झाले, गार झालेली एक स्प्रिंग दोरीत अडकवून उचलली आणि दुकानाच्या किल्लीने वाजवली. मग दुसरी वाजवली. मग पुन्हा पहिली.

"हिचा आवाज बद्द हाये, सुधा."

"बाबा, ते काही घुंगरू नव्हे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तिका अजून माझ्या हातात उघडीच होती. त्यांनी स्प्रिंग खाली ठेवली.

"असंन," ते म्हणाले. "पुस्तकात लिवलं हाये, पोरीनं वाचलं हाये. माया कानाचं आता वय झालं."

गाडी बसवली. मोजून साडेचार इंच. दिसायला खरोखर चांगली दिसत होती. दबा धरून बसलेल्या जनावरासारखी. मी स्वतः दोनदा रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिली. पोकळी गेली होती, पाच आऱ्यांची चाकं पत्र्याच्या कमानीत बेतून बसली होती. अजूनही सुंदर वस्तूंकडे मी जरा संशयाने पाहते, त्याची सुरुवात तिथे झाली असावी. पंधरा दिवस दादा तिला गावातल्या गावात फिरवत होता. गतिरोधक आला की सगळ्यांना उतरवायचा, गाडी तिरकी करून पुढे घ्यायचा आणि पुन्हा बसवून घ्यायचा. बाबांनी त्याच्या आरशाला एक छोटी घुंगरमाळ बांधली. दादाने ती काढली नाही. साज त्यालाही कळत होता, फक्त बैल बदलला होता.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी निघालो. दादा आणि बाबा पुढे, माय आणि मी मागे. मायने दशम्यांचा डबा आणि लसणाची चटणी घेतली होती. सोयऱ्यांकडे पुरणपोळी असली तरी वाटेतली भूक वेगळी, असं तिचं म्हणणं. चौघांच्या वजनाने गाडी आणखी दबली आणि प्रत्येक खड्ड्याला पुढचा टायर पत्र्यावर घासू लागला. खर्रर्र असा आवाज, आणि प्रत्येक वेळी घुंगरमाळेचा एक ठोका. नेरडीगोंड्याला पोहोचेपर्यंत दादाच्या कपाळावर घाम आला. पुढे घाट होता. वजन कमी केल्याशिवाय गाडी घाटात घालता येणार नव्हती. नवरदेव उतरू शकत नव्हता. नवरदेवाचे आईबाप उतरू शकत नव्हते. मी डबा घेऊन उतरले. निर्मळची बस मागून येतच होती.

बाबांनी काच खाली केली. "खिडकीपाशी बसजो, कुंदे. उलटी होत नाई मंग."

बस वीस मिनिटांनी आली. मी खिडकीपाशी बसले. घाटात दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. तिसऱ्या वळणानंतर बस थांबली. पुढे लॉऱ्यांची रांग लागली होती. कंडक्टर "दिगंडी, दिगंडी" म्हणत लोकांना खाली उतरवू लागला. मी डबा हातात धरून रांगेच्या कडेने चालत गेले. मला घाई करावीशी वाटली नाही. पुढे काय असेल ते मला माहीत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले.

गाडी दरीच्या बाजूच्या दगडाला जाऊन अडकली होती. दादा रस्त्यावर पाय पसरून बसला होता आणि स्वतःच्या गुडघ्याकडे अनोळखी वस्तूकडे बघावं तसं बघत होता. माय मागच्या सीटवर होती, कपाळ फुटलेलं, शुद्धीत. बाबांची टोपी तिच्या मांडीवर होती आणि ती टोपीवरची धूळ झटकत होती. बाबा पुढे होते. त्यांच्याबद्दल आणखी लिहिणार नाही.

एका लॉरीचा पंजाबी ड्रायव्हर चाकामागून तुटलेली स्प्रिंग काढून पाहत होता. तुकडा त्याने उन्हात धरला. अर्धी चीर काळी होती, म्हणजे जुनी. उरलेली अर्धी चकाकत होती. त्याने हिंदीत विचारलं, ही तापवली होती का? मग तो स्वतःशीच म्हणाला, "टेंपर चला गया था इसका." आणि तुकडा खाली ठेवला.

तो माणूस इंग्रजी शाळेत गेला नसावा. शब्द त्याला बरोबर माहीत होता. जे गेलं ते जायला नको होतं, एवढं मला त्याच्या आवाजावरून कळलं. पोलिसाने पंचनाम्यासाठी कारण विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "लोहार." मी तिथेच उभी होते. पोलिसाने लोहार असं लिहून घेतलं.

दशम्या तीन दिवस टिकतात. आमच्याकडे तेरा दिवस चूल पेटणार नव्हती, शेजारचे जेवण आणून देत होते. कुणीतरी डबा उघडून दशम्या गाईला घातल्या. तिसऱ्या दिवशी मी शब्दकोश उघडला. तेराव्याला बाजारातल्या व्यापाऱ्यांनी दुकानासमोर सतरंजी टाकून शोकसभा घेतली. जमिनीशी घट्ट नातं असलेला माणूस आपल्यातून गेला, असं एक वक्ता म्हणाला. तो भुसार मालाचा अडत्या होता आणि आमच्या दुकानात कधी आलेला नव्हता. दादा पाय प्लास्टरमध्ये घालून पुढे बसला होता. त्याने मान हलवली.

सभा उठल्यावर पोशय्या आला. त्याला सभेत कुणी बसायला सांगितलं नव्हतं. तोवर बाजारात सगळीकडे पसरलं होतं की लोहाराने बाप मारला. लोकांनी त्याच्याकडे विळेसुद्धा टाकणं बंद केलं होतं. तो मागच्या दाराने अंगणात आला आणि तुळशीपासून लांब उभा राहिला.

"अम्मा, येकच इचारतो. त्या पुस्तकात रागच लिवला व्हता ना? पानी नाई?"

तो खाली पाहत पुढे बोलला.

"लोखंडाचं पानी जाते, असं लिवलं असतं, तं म्या हात बी लावला नसता. पान्याचं मले समजते. रागाचं मले काय समजनार."

दादा आतल्या खोलीत होता. दार उघडं होतं. मला जे सांगायचं होतं ते तीन शब्दांत सांगता आलं असतं. मी पुन्हा पुन्हा मोजले आहेत, तीनच होतात.

"रागच लिहिला होता," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. छापलेल्या गोष्टीशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. "मंग आमचीच चूक," असं म्हणून तो गेला. वर्षभराने दुकान बंद करून बेल्लमपल्लीला मुलाकडे राहायला गेला. बैलगाड्यांना तोवर रबरी टायर येऊ लागले होते. धावेचं काम तसंही संपणारच होतं, असं मी स्वतःला सांगते. हे खरं आहे, आणि त्याचा काहीही उपयोग नाही.

सोयरीक मोडली. दादाचा गुडघा पुढे कधी पूर्ण वाकला नाही. त्याने बाबांचं दुकान चालवलं. शेवटी शेवटी घुंगरमाळा हॉटेलच्या भिंतीवर लावायला विकल्या जात. माळ देताना तो एकेक घुंगरू कानाशी धरून वाजवायचा, पण त्याला फरक ऐकू येत नसे. पोशय्याचं नाव निघालं की तो उठून जायचा. मी त्याला कधी काही सांगितलं नाही. दादा गेल्या वर्षी गेला, त्यामुळे आता हे लिहिता आलं. धैर्याचा यात भाग नाही.

मी पुढे तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शब्दकोश अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर बक्षिसाची चिठ्ठी आहे, इंग्रजीत प्रथम क्रमांक, खाली मुख्याध्यापकांची सही. टेम्पर या शब्दाचे पहिले तीन अर्थ डाव्या हाताच्या पानावर तळाशी आहेत. चौथा, पोलादाला दिलेले पाणी, उजव्या हाताच्या पानावर पहिल्याच ओळीत आहे. पान उलटावंसुद्धा लागत नाही.